देवकीचं आजेचीर

देवकीला एकूण वीस वर्षं परत मिळायची होती. तिचं वय चव्वेचाळीस. मार्गशीर्षात मुलीच्या, मनस्वीच्या, साखरपुड्याला पडघ्याच्या विहीणबाईंनी ते चौसष्ट धरलं. वजाबाकी कुणीही करावी. लग्न मे महिन्यात, म्हणजे हाती पाच महिने. महिन्याला चार या चालीनं ती वर्षं तोंडावरून उतरली असती, तर मांडवात देवकी मुलीची आई दिसली असती. एवढंच तिला हवं होतं. सुंदर दिसायचं नव्हतं, तरुण दिसायचं नव्हतं. आई दिसायचं होतं.

झालं होतं असं. मुलाकडून मुलीच्या आजीला जी साडी देतात ती आजेचीर. पूर्वी लग्नात द्यायचे, हल्ली साखरपुड्यालाच उरकून घेतात. वैशाखरे गावातल्या घरात ओटीवर सतरंजी टाकलेली, आणि विहीणबाई ताट घेऊन पुढे आल्या, तर समोर शेजारीशेजारी दोन बायका. एक गुटगुटीत, केस काळेभोर रंगवलेले, गाल तुकतुकीत. दुसरी सुकवलेल्या चिंचेसारखी, डोळ्यांखाली काळं, कपाळावर नांगरल्यासारखे आडवे तास, केस पांढरे आणि तेही मोजके. विहीणबाईंनी फार विचार केला नाही. साडी दुसरीच्या ओटीत घातली, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "आजी, आशीर्वाद द्या."

पहिलीनं तोंडाला पदर लावला. "अवो विहीणबाय, आजी मी. ही माजी सून."

"अगंबाई! मग मुलीची आई कुठंय?"

"मीच," देवकी म्हणाली.

एकदा ओटीत घातलेली साडी परत कशी काढायची, याची रीत भटजींनाही ठाऊक नव्हती. सासूनं, म्हणजे धोंडूबाईनंच, ती सोय केली. हात लांब करून सुनेच्या ओटीतलं आजेचीर उचललं आणि स्वतःच्या मांडीवर घेतलं. जांभळं होतं, रुंद काठाचं. विहीणबाई बिचाऱ्या लाजून इतक्या लाल झाल्या की जाईपर्यंत त्यांनी देवकीकडे पाहिलं नाही. स्वरूप, म्हणजे नवरामुलगा, बुटांची नाडी बांधत बसला ती पाच मिनिटं बांधत बसला.

संध्याकाळपर्यंत गावात कुणाला सांगायचं राहिलं नाही. धोंडूबाईनं स्वतः नळावर जाऊन सांगितलं. "मला गो आई समजली! माज्या नातीची आई!"

नळ घरापासून दोनशे पावलांवर. धोंडूबाईचे गुडघे धरले ते देवकी लग्न होऊन घरात आली त्या वर्षी, आणि चोवीस वर्षं झाली, सुटले नाहीत. बारसं, हळद, जत्रा आणि असली एखादी बातमी एवढ्यापुरते ते सुटतात. शेतापुरते कधी सुटले नाहीत. त्यामुळे रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजणं, भातलावणी, कापणी, थंडीतला वाल, सगळं देवकीकडे आलं, आणि ओटीवरची सावली धोंडूबाईकडे राहिली. धोंडूबाई दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला गरम जेवते. उन्हाळ्यात रोज वाडगाभर नाचणीची आंबील पिते. देवकी जेवते ती नवरा, महिपत, आल्यावर. महिपत मुरबाडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो, तो आला की त्याला वाढून मग जे उरेल ते. बाई वाईट आहे असं नाही. तिच्या सासूनं तिला तसंच ठेवलं होतं, तिनं पुढे चालवलं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी रेश्मा मुक्कामाला राहिली. रेश्मा ही महिपतची बहीण, सापगावला दिलेली. वय एकोणचाळीस, दिसते तिशीची. नवरा शहापूरच्या शाळेत शिक्षक, शेताशी संबंध तांदूळ निवडण्यापुरता. हिलाही यात मिळायचं होतं काहीतरी. 'अंतरतेज' नावाच्या पोटाच्या पावडरीखाली तिला पाच बायका जोडायच्या होत्या, चार झाल्या होत्या. पाचवी मिळाली की महाबळेश्वरची सहल. वहिनीचं रडणं ऐकताना नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरंच होतं, पण त्या पाण्यात स्ट्रॉबेऱ्या तरंगत नव्हत्या असं काही सांगता येत नाही.

"वहिनी, चेहऱ्याला क्रीम लावून काय होत नाय," ती म्हणाली. "चेहरा पोटातनं येतो. आतड्यात कोट्यवधी बारीक जीव असतात, चांगले. ते उपाशी राहिले की आतड्याचं अस्तर सैल पडतं. मग नको ते रक्तात झिरपतं. आपल्या अंगाची जी फौज असते ना, रोगाशी लढणारी, तिची मोठी छावणी पोटाशीच. ती कायम जागी राहते, कायम लढते. ती धग शेवटी कातडीवर. कातडी ताठ ठेवणारे धागे तुटतात. झाली सुरकुती."

ओटीवरून धोंडूबाई ओरडली, "माज्या पोटात जीव होते ते दोन. एक महिपत, एक तू."

"आई, तू गप. तुजं पोट चांगलं हाय म्हणूनच तुजा चेहरा असा."

"माजा चेहरा माज्या आईचा हाय."

देवकी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. बोलणं तिला पटलं. पटायला कारण होतं. पोट तिचं गेली सात-आठ वर्षं जळत होतं. पोट जळतं आणि तोंड करपतं, यात न पटण्यासारखं काय?

रेश्मानं फोनवर अर्ज भरून घेतला. जेवणाच्या वेळा? देवकीनं सासूच्या वेळा सांगितल्या, खऱ्या सांगायची लाज वाटली. झोप? सात तास. हे महिपतचे. कुठलं औषध चालू आहे? "नाय," देवकी म्हणाली, आणि हे मात्र तिनं मनापासून खरं सांगितलं होतं. तिथंच चुकलं.

आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर मोडते. म्हणून शेताचा मालक सकाळच्या चहाबरोबर प्रत्येक बाईच्या तळहातावर एकेक पांढरी गोळी ठेवतो. चहाला कुणी नको म्हणत नाही, तसं गोळीलाही कुणी नको म्हणत नाही. ज्याच्या शेतावर गोळी मिळत नाही त्याला बायका मिळत नाहीत. देवकीनं ती पहिल्यांदा घेतली ती लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात. पुढे लावणी संपली तरी कंबरदुखी संपेना, तेव्हा वाण्याकडून पाकीट आणून ठेवायला लागली. रोज एक, पहाटे, कोऱ्या चहाबरोबर, रिकाम्या पोटी. ती औषध कशी असेल? औषध डॉक्टर देतो. गोळी मालक देतो.

डबा आला. सकाळी उपाशीपोटी एक चमचा कोमट पाण्यातून, रात्री एक. डब्यावर बारीक अक्षरात आणखीही होतं: वेळेवर जेवा, ताज्या भाज्या खा, पुरेशी झोप घ्या, ऊन टाळा. देवकीनं चमचा तेवढा पाळला. पहाटे गोळी, मग कोरा चहा, मग पावडर, मग वालाच्या शेतावर. उरलेल्या चार ओळी पाळायच्या तर घर बदलावं लागलं असतं, आणि ते डब्याबरोबर येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात पोट फुगलं. रेश्मा फोनवर म्हणाली, "चांगलं लक्षण. वाईट जीव मरतायत." दुसऱ्या आठवड्यात मळमळ. "अजून मरतायत." तिसऱ्या आठवड्यात देवकीला बांधावर बसून राहावं लागलं, समोरचं सगळं पिवळं दिसायला लागलं.

"रेश्मा, आता कोण मरतंय ते बघ गो," ती फोनवर म्हणाली.

"धीर धरा वहिनी. आतडं सुधारायला वेळ लागतो."

दर महिन्याला मनस्वी आईचा फोटो काढून आत्याला पाठवायची. मनस्वी फार्मसीचं शिकलेली, तिला या पावडरीवर भरवसा नव्हता, पण आईला नको म्हणावं तर आई म्हणायची, "तुज्याच मांडवात उभं राहायचंय मला." यापुढे मुलगी काय बोलणार? फोटो निघत गेले. डिसेंबरातली देवकी, जानेवारीतली देवकी, फेब्रुवारीतली देवकी. तिन्ही फोटो शेजारी ठेवले तर फरक होता, नाही असं नाही. प्रत्येक फोटोत ती थोडी आणखी पांढरी होत होती.

"उजळतेय," रेश्मा म्हणाली.

मार्चच्या पहिल्या रविवारी शहापूरला एका सभागृहात अंतरतेजवाल्या बायकांचा मेळावा होता. रेश्मानं वहिनीला आदल्या दिवशीच सापगावला नेलं. सकाळी चेहऱ्याला काही लावून दिलं, आपली साडी नेसवली. उत्साहात नाश्ता राहिला. गोळी मात्र राहिली नाही, ती देवकीनं पदराच्या गाठीतून काढून घेतली.

सभागृहात दीडशे बायका. माइकवर मुंबईहून आलेली एक बाई पोट, फौज आणि कातडी यांची तीच गोष्ट जास्त चांगल्या साडीत सांगत होती. मग पडद्यावर एकेकीचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दाखवायला सुरुवात झाली. देवकीचा नंबर आला. 'आधी'त ती होतीच, साखरपुड्यातली, ओटीत आजेचीर घेतलेली. 'नंतर'मध्ये एक गुलाबी, गुळगुळीत बाई हसत होती.

"ही कोण?" देवकीनं शेजारी विचारलं.

"तुम्हीच वहिनी. फोनमधनं थोडं साफ केलंय. सगळेच करतात."

"ही तुज्यासारखी दिसते."

"चला, वर चला. टाळ्या वाजतायत."

दीडशे बायका मान उंचावून बघत होत्या की पडद्यावरची वर कशी येते. देवकी पायऱ्या चढली. माइक हातात दिला गेला. किती वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतं, असं मुंबईच्या बाईनं विचारलं. देवकीनं उत्तरासाठी तोंड उघडलं आणि माइकसकट खाली बसली. मग आडवी झाली.

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. मागच्या बायकांना वाटलं, नमस्कार करतेय.

सभागृहापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, पोट दाबलं, रक्त काढायला लावलं. मग विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?"

"नाय, काय नाय."

"औषध म्हणू नका. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता, ते क्रमानं सांगा."

"पहिली गोळी, मग कोरा चहा, मग ही पावडर—"

"कसली गोळी?"

"ती नाय का, लावणीची."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "किती दिवस?"

देवकीनं बोटं मोजली. "चोवीस पावसाळे. गेली दहा-बारा वर्षं तर रोजचीच."

"शौचाला काळं होतं?"

"होतं. मला वाटलं, पावडरीचं असंल."

रेश्मा भिंतीकडे बघत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी देवकीला सरळ सांगितलं. ती गोळी रिकाम्या पोटी पोटाचं अस्तर खाते. जठरात व्रण झालेला दिसतो, दुर्बीण घालून बघावं लागेल. तिथून रक्त थेंबथेंब जातंय, म्हणून हिमोग्लोबिन सात.

"म्हणजे हिचं ते खरं हाय?" देवकीनं नणंदेकडे बोट केलं. "चेहरा पोटातनं येतो?"

"थोडा. पोट, आतडं, रोगाशी लढायची ताकद आणि कातडी, यांचा संबंध आहे. पोटात कायम आग असेल, अन्न अंगी लागत नसेल, तर कातडी लवकर थकते. केस जातात, रंग जातो. पण हा संबंध डब्यात मावण्याइतका सोपा नाही. पावडरीनं सुरकुती जाते, असं छातीवर हात ठेवून सांगण्याइतका पुरावा मी तरी बघितलेला नाही. आणि निम्म्याहून जास्त तर तुमच्या तोंडावर ऊन आहे. राबाचा धूर आहे."

"मग ती वर्षं परत?"

"कुठली वर्षं?"

देवकीनं साखरपुडा सांगितला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या खात्यावर जमा.

"उन्हानं जे घेतलं ते ऊन परत देत नाही," त्या म्हणाल्या. "अशक्तपणा जाईल. पोट भरून येईल. तेही या गोळ्या बंद केल्या, नव्या वेळेवर घेतल्या आणि जेवण वेळेवर झालं तर. घरात शेवटी जेवता ना?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमच्यासारख्या दिवसाला चार येतात. सगळ्यांच्या आधी जेवायचं. गरम. उपाशी राहायचं नाही. काही झालं तरी नाही. हे औषध समजा."

दुर्बीण झाली, व्रणच निघाला. देवकी औषधांची पिशवी आणि तो हुकूम घेऊन वैशाखऱ्याला आली. संध्याकाळी सातला तिनं सासूचं ताट वाढलं आणि शेजारी आपलं घेतलं.

धोंडूबाईनं पहिला घास हातातच ठेवला. "हे काय?"

"डॉक्टरनी सांगितलंय. आधी जेवायचं."

"कागद दाखव."

कागद होता. त्यावर तीन गोळ्यांची नावं होती, एक पातळ औषध होतं. जेवणाबद्दल एक अक्षर नव्हतं. मनस्वीनं तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा स्वतःचं काही घालून वाचायचा तिनं प्रयत्न केला, पण आजीनं कागदावर बोट ठेवून विचारलं, "ह्या ओळीत लिवलंय का?" आणि मुलीला धड खोटं बोलता आलं नाही.

"लिवलेलं नाय म्हंजी सांगितलेलं नाय," धोंडूबाई म्हणाली. "तुजा नवरा तिकडं मशीनवर उभा, आन् तू जेवून मोकळी? लोक काय म्हणतील?"

"लोक ओटीवर येतात का बघायला, मी कधी जेवते ते?"

"मी हाय ना."

महिपतला विचारलं तर तो म्हणाला, "जेव ना. मी कुठं नको म्हणतो?" आणि त्याच्या बाजूनं विषय संपला. नको न म्हणणं ही त्याची चोवीस वर्षांची देणगी. भाकरी कोण भाजणार, आईला कोण समजावणार, हे तो कधीच बोलला नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. दुसऱ्या फेरीला देवकीनं डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणलं: 'घरात सर्वांच्या आधी जेवणे.' खाली सही, शिक्का. मनस्वीनं ते मोठ्यानं वाचलं.

"बरं," धोंडूबाई म्हणाली. "लग्न होऊ दे. मग बघू."

मग कुरडया आल्या, पापड आले, पत्रिका वाटणं आलं, पाहुणे आले. राब भाजायला यंदा माणूस लावला एवढं मात्र महिपतनं केलं. मार्चपासून लग्नापर्यंत सत्तर दिवस. त्यांतले नऊ दिवस देवकी सातला जेवली. मनस्वीनं कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, म्हणून आकडा नक्की आहे. कंबर पहाटे उठून गोळी मागायची. देवकीनं गोळी दिली नाही, दात आवळून भिंतीला पाठ लावून बसायची. ओठांना जरा रंग आला. सुरकुत्या जिथल्या तिथं. एके दिवशी आरशासमोर तिनं कपाळ दोन बोटांनी ताणलं, सोडलं, परत ताणलं. मग आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"पाच महिने," ती मनस्वीला म्हणाली. "पाच महिन्यांत एक वरीस तरी उतरायला पाहिजे होतं गो. एक."

"आई, तू आजारी होतीस. बरी होतेयस. ते उतरणं वेगळं."

"मांडवात तुला आई कोण म्हणून विचारतील."

"मी सांगेन ना."

"तू सांगायला लागेल, हेच तर म्हणते मी."

लग्नाच्या दिवशी मुरबाडहून पार्लरची मुलगी आली. तिनं देवकीच्या तोंडावर इतकं काही थापलं की महिपत दारातून म्हणाला, "बाय, कोण पायजे तुमाला?" विहीणबाईंनी यावेळी धडा घेतला होता. साड्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'मुलीची आई' लिहिलेली मोरपंखी साडी त्यांनी देवकीच्या हातात दोन्ही हातांनी दिली. धोंडूबाई जांभळं आजेचीर नेसून, नथ घालून, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून मिरवत होती. डिसेंबरपासून तिनं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगितली होती. "मलाच आई समजतात गो, काय करू?"

मुलीच्या आईनं अक्षता पडेपर्यंत उपाशी राहायचं, ही रीत. अक्षता पडल्यावरही तिची सुटका नाही. मग विहिणीची पंगत. मुलीच्या आईनं विहिणीला आणि तिच्याकडच्या बायकांना स्वतः वाढायचं, आग्रह करायचा, पंगती उठल्या की शेवटी आपण टेकायचं. मुहूर्त साडेबाराचा. देवकीच्या पोटात पहाटेचा अर्धा कप चहा. अक्षता पडल्या तेव्हा मांडवाचं कापड तापून पिवळं दिसत होतं. का तिलाच सगळं परत पिवळं दिसायला लागलं होतं? घामानं पार्लरची मेहनत गळ्यापर्यंत उतरली होती आणि खालून जुनी देवकी निघाली होती, जशीच्या तशी. जळजळ छातीपर्यंत आली. आत मोठी भांडी उघडली, वरणाचा वास आला, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

पंगतीची व्यवस्था नवऱ्यामुलाचे मामा, कमळाकर, बघत होते. हे साखरपुड्याला नव्हते. मोठ्या आवाजाचे, घाईचे, मान देण्यात कुठं कमी पडायला नको म्हणून जपणारे गृहस्थ. त्यांना दोन बायका उभ्या दिसल्या. एक जांभळ्या साडीत, कमरेला चाव्या, गाल तुकतुकीत. दुसरी खांबाला टेकलेली.

"अहो आजी!" ते देवकीला म्हणाले. "तुम्ही कशाला उभ्या? वडीलधाऱ्यांचं पान पहिलं. बसा, बसा. आणि ताई," धोंडूबाईकडे वळून, "तुम्ही मुलीच्या आई ना? घ्या वाढायला, विहिणी खोळंबल्यात."

रेश्मा पळत आली. "अहो मामा, नाही, ह्या—"

देवकीनं नणंदेचा हात धरला. इतका घट्ट की रेश्माची बांगडी वाढली. वीस वर्षं समोर उभी होती. 'मी आजी नाही, आई,' एवढं म्हणायचा अवकाश, ती परत मिळाली असती. मग वरणाचं भांडं हातात, आणि चार पंगती उभ्यानं. जे पुन्हा ऐकायचं नाही म्हणून तिनं पावडर खाल्ली, तेच परत कानावर पडलं होतं, भर मांडवात, माइकवर बोलल्यासारखं.

"बसते रे बाबा," देवकी म्हणाली. डोक्यावरून पदर घेतला. कमरेवर हात ठेवला, थोडी वाकली, ते फारसं नाटक नव्हतं, आणि पहिल्या पंगतीत पाटावर जाऊन बसली.

धोंडूबाई जागीच उभी. आता बोलायचं तर काय बोलायचं? मी आई नाही, मी आजी? पाच महिने गावाला सांगितलेलं चाळीस पाहुण्यांसमोर परत घ्यायचं? कमळाकरमामांनी वरणाचं भांडं तिच्या हातात दिलंसुद्धा. "ताई, तरुण दिसता हो, मुलीची बहीणच वाटता," ते म्हणाले, आणि उरलीसुरली वाट बंद झाली.

शेजारच्या पाटावर विहीणबाई होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एकदा देवकीकडे बघितलं, साखरपुड्यानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. मग पानात तूप पडल्यावर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "आजी, सावकाश होऊ द्या. गरम आहे."

"हो बाय," देवकी म्हणाली.

वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरी, बुंदी, मठ्ठा. देवकी घाईनं जेवली नाही. चावून चावून जेवली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. धोंडूबाई समोर आली तेव्हा सासूसुनेची नजर मिळाली.

"भात वाढू?" धोंडूबाई दात आवळून म्हणाली.

"वाढा. आन् वरून वरण. गरम बघून."

पंगती चार उठल्या. सव्वाचारला धोंडूबाई टेकली, तेव्हा भात गार होता, बुंदी संपली होती, वरण तळाचं होतं. तिचे गुडघे त्या दिवशी खरंच धरले. मनस्वी निघताना आजीच्या पाया पडली, आईच्या पाया पडली, आणि सासरच्या गाडीत बसताना विहीणबाईंना विचारत होती, "आई, आपल्याकडे जेवतात किती वाजता?"

आता बेरीज. रेश्माची पाचवी बाई तुटली, महाबळेश्वर गेलं, एक बांगडीही गेली. पावडरीचा अर्धा डबा कोंबड्यांनी खाल्ला, त्यांच्या तोंडावर काही फरक दिसला नाही. वीस वर्षं मिळायची होती, देवकीला एकही मिळालं नाही. मिळालं एक गरम पान, वेळेवर, बसून. त्या पानाचं मोल धोंडूबाईच्या गुडघ्यांनी दिलं, साडेतीन तास उभ्यानं. आधीच्या चोवीस वर्षांतल्या धोंडूबाईच्या गरम पानांचं कुणाच्या तोंडानं दिलं ते कमळाकरमामांनी बघताक्षणी ओळखलं होतं, फक्त नाव चुकीचं घेतलं.